वजन वाढले, म्हणजे नेमके काय वाढले?

मुलाचे वजन आठवड्याभरात किलोभर वाढले, की इंदूरच्या रामबागेतली आजी समाधानाने म्हणते, "पोराच्या अंगी लागतंय हो!" मूत्रपिंडे निकामी होत चाललेल्या मुलाच्या बाबतीत मात्र त्या किलोची चौकशी करावी लागते. लघवीवाटे बाहेर न पडलेले पाणी शरीरात साठते, झिजलेल्या स्नायूंची तूट त्या पाण्याने भरून निघते आणि काटा समाधानकारक आकडा दाखवत राहतो. म्हणूनच डायलिसिसवरच्या मुलाचे, जादा पाणी काढल्यानंतरचे 'ड्राय वेट' पाहतात. शिवाय दंडाच्या मध्यावर टेप लावून घेर मोजतात आणि त्वचेची घडी कॅलिपरच्या चिमटीत धरून चरबीचा अंदाज घेतात.

रक्ततपासणीही चकवू शकते. मूत्रपिंडांचे काम ज्या टाकाऊ घटकावरून जोखतात, ते क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते; स्नायू कमी, तर तेही कमी. त्यामुळे हडकुळ्या मुलाचा अहवाल, मूत्रपिंडांची स्थिती वाईट असूनही, बरा दिसतो.

स्नायू झिजण्यामागे मंदावलेली भूक असते, तसेच रक्तात वाढलेले आम्लही असते. त्यात घरची माणसे, मोठ्यांच्या पथ्याचे ऐकून, मुलाचे वरण आणि दूध तोडतात. वाढत्या मुलाची प्रथिने वयाच्या गरजेखाली आणायची नसतात. पोटाच्या डायलिसिसमध्ये, म्हणजे पोटात द्रव भरून आणि काढून रक्त शुद्ध करताना, तर प्रथिने त्या द्रवाबरोबर वाहून जातात, तेव्हा ती वाढवूनच द्यावी लागतात.

इंदुरी पोह्यांवरची शेव आणि जिरावण हा मसाला म्हणजे मिठाची भर, आणि रक्तदाब वाढलेल्या मुलाला ती सोसत नाही. मात्र मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषामुळे ज्यांच्या लघवीतून भरपूर मीठ वाहून जाते, अशा काही मुलांना वरून मीठ द्यावे लागते. शेजारच्या मुलाचा आहारतक्ता आपल्या मुलाला लावू नये, तो यासाठीच. साबुदाण्यातून ऊर्जा मिळते आणि पोटॅशियम, फॉस्फरस नाममात्र येते. खिचडीत खरा हिशेब करायचा तो दाण्याच्या कुटाचा आणि बटाट्याचा. पोटॅशियम वाढलेले असल्यास बटाटा सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडावा आणि ते पाणी ओतून द्यावे. पाकिटबंद पदार्थांत मिसळलेले फॉस्फेट डाळींतल्या फॉस्फरसपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात शोषले जाते, हे मात्र चवीवरून कळत नाही.

पहिल्या दोन वर्षांतली वाढ मुख्यतः आहारावरच अवलंबून असते. बाळ पुरेसे पीत नसेल, वारंवार उलट्या करत असेल, तर डॉक्टर नाकातून नळी घालून रात्रभर थेंबाथेंबाने दूध देण्याचा सल्ला देतात. नळी पाहून घरचे हबकतात आणि निर्णय पुढे ढकलतात. त्या आठवड्यांत बाळाची उंची मागे पडत जाते.