धरण किती टक्के भरलं ते नंतर, आधी पातळी किती हलली ते सांगा

नमस्कार. हिवाळा लागला की प्रश्न येतो: सोलापूरकडचं उजनी धरण काठोकाठ भरलंय, मग रोहित (फ्लेमिंगो) का दिसत नाहीत? उन्हाळ्यात प्रश्न उलटतो: पाणी उणे गेलं, आता पक्ष्यांचं कसं होणार? दोन्हींचं उत्तर एकच आहे.

मूलभूत गोष्ट पटकन. बातमीतली टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. उजनीत तो साधारण 53.5 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्याखाली मृत साठा, म्हणजे दारांतून सहज न निघणारं पाणी, 63.6 टीएमसी. पाणी या मृत साठ्यात उतरलं की बातमीत 'उणे' म्हणतात. म्हणजे शून्य टक्क्यालाही निम्म्याहून जास्त पाणी धरणात असतंच. चला पुढे.

पक्ष्याला लागते खोली. टिलवा, चिखल्या या चिखलात चरणाऱ्या छोट्या पक्ष्यांना ओला चिखल ते चार-पाच सेंटिमीटर पाणी. लांब पायांच्या शेकाट्याला पंधरा-वीस. रोहित गुडघाभर पाण्यात चरतो. धरण तुडुंब असतं तेव्हा पाणी पार काठावरच्या कडक जमिनीला भिडलेलं असतं, चिखलही उघडा नसतो, उथळ पाण्याचा पट्टाही नसतो. मग रोहित येणार कशाला? आता उताराचं गणित बघा. काठाचा उतार 1:200 (दोनशे मीटरला एक मीटर) असेल तर पातळी दहा सेंटिमीटर उतरली की वीस मीटर रुंदीचा ताजा चिखल उघडा पडतो. पाणी असं हळूहळू उतरत राहिलं तर रोज नवं ताट वाढलं जातं. एकदम उतरलं तर तोच चिखल वाळून भेगाळतो आणि चोच आत जात नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो: साठा किती, यापेक्षा पातळी किती वेगानं आणि कुठल्या महिन्यात हलते ते बघा.

घरट्यांकडून बघू. नदी सुरय (रिव्हर टर्न) हा पाणपक्षी उघड्या वाळूवर, खडीवर अंडी घालते, साधारण फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंत. कर्नाटकातल्या भद्रा जलाशयात तिची मोठी वसाहत भरते, तीही पाणी उतरून बेटं उघडी पडल्यावरच. अंडी उबायला तीनेक आठवडे, पिल्लं उडायला आणखी काही आठवडे. या काळात पातळी पंधरा सेंटिमीटरनं चढली तरी खालच्या रांगेतली घरटी गेली. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरसारख्या ठिकाणी हा धोका जास्त, कारण तो बंधारा आहे: वरच्या धरणांतून आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक पाळीनं सोडलेलं पाणी, सुटतं, ते इथे अडवून कालव्यांत वळवतात. आवर्तन थांबवा असं मी अजिबात म्हणत नाही, उभ्या पिकाला पाणी हवंच. पण दोन गोष्टी जमतात. एक, वरचं पाणी बंधाऱ्याशी पोचण्याच्या सुमारासच कालव्याची दारं उघडायची, म्हणजे बंधाऱ्यामागे साचलेलं पाणी चढत नाही. दोन, पातळी चढवायचीच असेल तर अंडी पडण्याआधी चढवायची. पक्षी मग त्या रेषेच्या वर घरटी करतात.

आता उतरत्या पाण्याकडून. बेट आणि काठ यांच्यामधला उथळ पट्टा कोरडा पडला की कुत्री आणि कोल्हे चालत बेटावर. एका रात्रीत वसाहत साफ. उपाय म्हणजे चर. मेअखेरीस, पिल्लं उडाल्यावर आणि तळ उघडा असताना, एप्रिलच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किमान मीटरभर खोल खणायचा. निघालेली माती काठाकडे टाकू नका, तिचाच पूल होतो. ती बेटाच्या माथ्यावर, वर खडीचा थर. पावसाळ्यात चर गाळानं भरतो, म्हणून दरवर्षी खोली मोजायची.

इथे एका कमेंटबद्दल बोलायलाच हवं: "गाळपेरवाल्यांना हाकला." मला हे अजिबात पटत नाही. गाळपेर म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळाच्या जमिनीवरची पेरणी. त्या जमिनीवर, ज्यांची शेतं धरणात गेली त्यांचा पहिला हक्क आहे. मागायचं ते एवढंच: पाणकाठाला लागून वीसेक मीटरचा पट्टा नांगरू नका. पाणी मागे सरकलं की पट्टाही पुढे सरकतो, मागची जमीन पेरायला मोकळी.

आणि तिसऱ्या बाजूनं तीच गोष्ट, बोटिंग. नियम असतो "काठापासून शंभर मीटर लांब", त्या रेषेवर बोये (तरंगत्या खुणा) बांधतात आणि वर्षभर तिथेच ठेवतात. उतार 1:100 असेल तर त्या बोयाखाली पाणी किती? एक मीटर. पातळी मीटरभर उतरली की बोया चिखलात आडवा, आणि नवा काठ, जिथे आता पक्षी आहेत, तो उघडा. म्हणून बोये अंतरावर नाही, खोलीवर बांधा: दोन मीटर खोलीची रेषा धरा आणि पातळी अर्धा मीटर उतरली की हलवा. याचा बोटवाल्यांनाही फायदा आहे, बुडालेले बुंधे आणि जुन्या भिंती याच उथळ पट्ट्यात बोटीच्या पंख्याला लागतात. बोयाच्या आत, म्हणजे काठाच्या बाजूला, जावंच लागलं तर इंजिन मंद ठेवा. टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं घरटं तरंगतं असतं, पातळी थोडी चढली तर तेही चढतं, पण बोटीच्या एका लाटेनं अंडी पाण्यात जातात.

बोट पाण्यात उतरवायचा उतरता धक्काही नेहमीच्या पातळीपर्यंत नाही, मोसमातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या मीटरभर खालपर्यंत बांधा, बारा ते पंधरा टक्के उतारानं. तो आखूड पडला की लोक बोट ओढत चिखलातून नेतात, नेमकी घरट्यांच्या पट्ट्यातून.

तुमच्या जलाशयाबद्दल विचारताना टक्के लिहू नका. 1 मार्चची पातळी मीटरमध्ये, आणि त्यापुढे दर आठवड्याची. उत्तर तेव्हाच देता येतं.