फिनाईलचा खवा

(भूम येथे खवा उत्पादक आणि बचत गटांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या ताई, पत्रिकेत माझा विषय ‘खाद्यप्रक्रिया उद्योगातील स्वच्छता व स्वच्छतेची साधने’ असा छापलाय. वेळ चाळीस मिनिटं. त्यातली पंधरा सत्कारात गेली. नारळ अजून माझ्या मांडीवरच आहे. तेव्हा साधनांकडं वळेन, पण आधी एक जुनं दुखणं सांगून घेतो.

मी एकतीस वर्षं दूध शीतकरण केंद्रात नोकरी केली. इतक्या वर्षांत मला सगळ्यात जास्त छळलं ते फिनाईलनं. आपल्याकडं वास आला की स्वच्छ झालं. लग्नाचं मंगल कार्यालय असो नाहीतर सरकारी दवाखाना, दारातच नाक झोंबलं पाहिजे. हेच डोकं घेऊन आपण खव्याच्या भट्टीवर जातो.

एका भट्टीची गोष्ट सांगतो. गाव सांगत नाही, मालकाचे पाहुणे इथं बसलेले असायचे. (तिसऱ्या रांगेतल्यांनी हसू नये.) उद्या तपासणीला साहेब येणार असा निरोप आला. मालकानं पोराला पिटाळलं, पाच लिटर काळं फिनाईल आणलं. रात्री फरशी, मोरी, टेबलाखाली, सगळीकडं सडा घातला. ज्या फडक्यानं फरशी पुसली, त्याच फडक्यानं खव्याचं टेबल पुसलं. वर आणखी खबरदारी म्हणून ब्लीचिंगचं पाणी शिंपडलं. आणि शेजारीच परातींत गरम खवा उघडा, निवत ठेवलेला.

साहेब आलेच नाहीत.

खवा मात्र गेला. तिसऱ्या दिवशी हलवायाचा फोन, “मालक, पेढ्याला दवाखान्याचा वास येतोय की वो!” मला बोलावलं. मी पेढा तोंडात टाकला आणि लहानपणी गुडघा फुटल्यावर कंपाउंडरनं लावलेलं औषध आठवलं. मालक म्हणाले, “सर, कामून असं झालं? आम्ही तर लई स्वच्छता केली.” त्यांचं काही खोटं नव्हतं, केलीच होती. पण दुधातलं स्निग्ध वास ओढून घेतं. म्हणून तर फ्रीजमध्ये कांद्याशेजारी ठेवलेलं लोणी कांद्याचं होतं. त्यात काळ्या फिनाईलमधल्या द्रव्यांना ब्लीचिंगमधला क्लोरीन भेटला, की जे तयार होतं त्याची चव नखाएवढ्या प्रमाणातही जिभेला कळते. पाच लिटर दूध आटवावं तेव्हा जेमतेम किलोभर खवा हाती येतो. असा सगळा घाणा उकिरड्यावर गेला.

माझी आई भांडी चुलीतल्या राखेनं आणि नारळाच्या काथ्यानं घासायची. त्याला कसलाच वास नव्हता. राखेत क्षार असतो, तो तुपकटपणा सोडवतो. धुण्याचा सोडा म्हणजे त्याच राखेचा शहरात शिकून आलेला भाऊ. पण आपण त्या भावाला ओळख देत नाही आणि बाटलीतल्या सुगंधाला पाट मांडतो.

फडक्याचंही सांगतो. भट्टीवर खुंटीला एक कळकट ओलं फडकं असतं. त्यानंच हात, त्यानंच कढईची कड, त्यानंच टेबल. दिवसभर ते ओलं आणि कोमट राहतं. जंतूंना याहून चांगलं सासर कुठं मिळणार? एक तर रोज उकळा आणि उन्हात टाका, नाहीतर फेकून द्या. तारेची घासणीही भट्टीवर नको. तिचा तुकडा पेढ्यात निघाला की गिऱ्हाईक जन्मभर विसरत नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली म्हणे. मूळ विषय राहिलाच. भराभर सांगतो, लिहून घ्या.

आधी खरवडा, मग पाणी. आपल्याकडं पाण्याची किंमत काय, हे सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. लाकडी उलथन्यानं साय-खवा काढून घेतला तर बरंच पाणी वाचतं. पहिलं पाणी कोमट घ्या. उकळतं ओतलं तर दुधातली प्रथिनं भांड्याला शिजून चिकटतात. मग गरम सोड्याच्या पाण्यानं घासा. स्टीलला कॉस्टिक, म्हणजे याहून जहाल सोडा, चालतं, हातमोजे घालूनच. ॲल्युमिनियमच्या कॅनला कॉस्टिक लावू नका, ते धातूच खातं. तिथं सौम्य डिटर्जंट बरा.

बोअरचं जड पाणी आणि दूध मिळून जो पांढरा दगडी थर धरतो, त्याला आम्ही मिल्क स्टोन म्हणायचो. तो सोड्यानं निघत नाही, त्याला अधूनमधून सौम्य आम्ल लागतं. पण आम्ल आणि ब्लीचिंग कधीही एकत्र करायचं नाही. विषारी वायू निघतो, बंद खोलीत जिवावर बेततं.

जंतुनाशक शेवटी. घाणीवर ओतलं तर क्लोरीन घाणीशीच भांडण्यात संपतो. हायपोक्लोराईट, म्हणजे क्लोरीनचं द्रवरूप जंतुनाशक, ५ टक्क्यांचं असेल तर १० लिटर पाण्यात ४० मिलि पुरे. झाकणानं नव्हे, मापानं. हायपोक्लोराईटचा कॅन सावलीत ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात त्यातला दम निघून जातो, उरतं खारट पाणी. आणि अन्नसुरक्षेचे नियम २०११ पासून हेच सांगतात की ही रसायनं खव्यापासून वेगळ्या कपाटात, नाव लिहून ठेवा. पाण्याच्या बाटलीत तर मुळीच भरू नका.

हळद आणि डाळवाल्यांना यातलं बरंच लागू नाही. तिथं पाणी हाच शत्रू. ओलावा आला की बुरशी आली. तुम्ही ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. त्यावर पुन्हा कधी बोलू, मला खुणा होताहेत.

काय म्हणालात ताई? फिनाईलचा पाच लिटरचा कॅन कालच आणलाय, त्याचं काय करू? संडासात वापरा. तिथला झाडू आणि बादली मात्र भट्टीच्या उंबऱ्याआत आणू नका. आणि तो कॅन आतापर्यंत कुठं ठेवलाय? खव्याच्या खोलीत? मग ताई, आधी घरी जा, चहा नंतर.