हे साल कशाचे? नेट-सेटच्या तयारीविषयी कोल्हापुरातील ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी बोलताना

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ग्रंथालयातली नोकरी सांभाळून आज इथे आलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या नेट किंवा सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षेसाठी बाजारात मिळणारे कोणतेही मार्गदर्शक पुस्तक उघडा. त्यातल्या ग्रंथालय कायद्यांच्या यादीत पहिली ओळ बहुधा आपल्याच गावाची असते : कोल्हापूर, १९४५. ही ओळ तुम्हां सर्वांना पाठ आहे. पण हा कायदा कोणी केला, त्याचे पुढे काय झाले आणि यादीत त्याच्याखाली मद्रासचेच नाव का येते, असे विचारले की वर्गात शांतता पसरते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. मला आज जे सांगायचे आहे ते या शांततेविषयीच आहे.

१९४५ मध्ये कोल्हापूर हे संस्थान होते आणि संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांसाठी कायदा केला. मार्च १९४९ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दरम्यान १९४८ मध्ये मद्रासचा कायदा झाला होता आणि तो स्वातंत्र्यानंतरचा पहिला. त्यामुळे ‘भारतातील पहिला’ आणि ‘स्वतंत्र भारतातील पहिला’ या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी आहेत, आणि पर्यायांत दोन्ही नावे शेजारी-शेजारी ठेवलेली असली की घाईत वाचणारा तिथेच घसरतो. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात ती नाही. का नाही, याचा विचार करताना मला नेहमी आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची आठवण होते. ते १८५० चे आहे. कायदा होण्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीपासून मराठी मुलखात लोकांनी वर्गणी काढून ग्रंथालये चालवली होती, आणि शासनाने नवी यंत्रणा उभी करण्याऐवजी या संस्थांना मान्यता देऊन, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडून अनुदान देण्याचा मार्ग घेतला. हे एकदा ध्यानात आले की कर आहे की नाही, वर्ग किती, अनुदान कोणाला, हे तीन वेगवेगळे प्रश्न राहत नाहीत. एकाच गोष्टीची ती तीन टोके होतात.

परीक्षेचे स्वरूप तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. पहिला पेपर सर्व विषयांना समान असून त्यात ५० प्रश्न व १०० गुण, दुसरा आपल्या विषयाचा असून त्यात १०० प्रश्न व २०० गुण, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात आणि एकही प्रश्न कोरा सोडण्याचे कारण उरत नाही. खुल्या गटाला ४० टक्के व राखीव गटांना ३५ टक्के ही केवळ दाराची चौकट आहे. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात, त्यामुळे तुमची स्पर्धा चाळीस टक्क्यांशी नसून शेजारच्या बाकावर बसलेल्याशी आहे.

माझा स्वतःचा पहिला प्रयत्न फसला, हे इथे सांगायला हरकत नाही. तेव्हा तिसरा पेपर वर्णनात्मक असे; २०१२ च्या जूनपासून तोही वस्तुनिष्ठ झाला आणि २०१८ मध्ये तीनांचे दोन पेपर झाले. मी पाच मार्गदर्शके विकत घेतली होती आणि पाचांतली साले एका वहीत उतरवून रोज पहाटे पाठ करीत होतो. त्या वहीत वैश्विक दशांश वर्गीकरण या, विषयांना अंक देऊन क्रम लावणाऱ्या पद्धतीपुढे एका पानावर १८९५ होते आणि दुसऱ्या पानावर १९०५. मी चिडलो, एक पुस्तक चूक आहे असे ठरवले आणि त्यातले एक साल खोडले. खरे तर दोन्ही पुस्तके बरोबर होती. १८९५ मध्ये पॉल ऑटले आणि आँरी ला फोंतेन यांनी ब्रुसेल्सला आंतरराष्ट्रीय ग्रंथसूची संस्था स्थापन केली; जगातल्या सगळ्या प्रकाशित साहित्याची सूची करण्याचे त्यांचे स्वप्न होते, त्या सूचीला क्रम लावण्यासाठी त्यांनी अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांच्या परवानगीने त्यांची १८७६ ची दशांश वर्गीकरण पद्धती घेऊन वाढवली, आणि तिची पहिली फ्रेंच आवृत्ती १९०५ पासून प्रसिद्ध होऊ लागली. एक साल संस्थेचे, दुसरे ग्रंथाचे.

त्या दिवसापासून मी प्रत्येक सालाला एकच प्रश्न विचारू लागलो : हे साल कशाचे? कल्पनेचे, ग्रंथाचे, संस्थेचे, की अंमलबजावणीचे? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांना ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्रे सुचली १९२८ मध्ये, ग्रंथ आला १९३१ मध्ये. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, पण तो अमलात आला १ मे १९६८ पासून. इन्फ्लिबनेटचा, म्हणजे विद्यापीठांची ग्रंथालये जोडणाऱ्या जाळ्याचा, आरंभ १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रामधला एक कार्यक्रम म्हणून झाला आणि १९९६ मध्ये ते स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र बनले. आज ते गांधीनगरला आहे. सालांच्या बाबतीत उमेदवारांमध्ये होणारे बहुतेक वाद हे या चार प्रकारांच्या सरमिसळीतून होतात. आणि कालक्रम लावण्याचा प्रश्न तर हमखास येतो. तिथे ज्याला काय कशामुळे घडले हे माहीत आहे त्याला चारपैकी दोनच साले आठवली तरी पुरतात.

याचे उत्तम उदाहरण निर्देशनाचे, म्हणजे विषयावरून साहित्य सापडावे म्हणून नोंदी करण्याचे आहे. रंगनाथन यांची साखळी पद्धती वर्गांकावरून, म्हणजे वर्गीकरणात विषयाला मिळालेल्या अंकावरून, विषयशीर्षके काढते. वर्गांक एकेक पायरी मागे सोलत जायचा आणि प्रत्येक पायरीला नोंद करायची. ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने ती १९५० पासून सुमारे वीस वर्षे वापरली. तिच्यात अडचण अशी की साखळीतल्या एकाच नोंदीत पूर्ण विषय दिसतो, बाकीच्या नोंदी अर्धवट राहतात, आणि सगळा डोलारा वर्गीकरण पद्धतीवर अवलंबून असतो. मग संगणकाने ही नोंद करावी आणि प्रत्येक नोंदीत पूर्ण संदर्भ दिसावा, अशी गरज निर्माण झाली आणि डेरेक ऑस्टिन यांची प्रेसिस पद्धती आली. भारतात भट्टाचार्य यांनी पॉप्सी ही निर्देशन पद्धती मांडली ती रंगनाथन यांच्याच विचाराच्या ओळीत. दुसरीकडे अमेरिकेत युद्धानंतर तांत्रिक अहवालांचा पूर आला होता. मॉर्टिमर टाउबे यांनी युनिटर्म या पद्धतीत शब्द सुटे ठेवले आणि त्यांची जुळणी शोधणाऱ्यावर सोपवली, तर लून यांनी संगणकाकडून शीर्षकातले शब्दच फिरवून घेतले. आता जोड्या लावा असा प्रश्न आला तर व्यक्ती आणि पद्धती यांच्या जोड्या पाठ करण्याची गरज राहते का? मला नाही वाटत.

वर्गीकरण मात्र नुसते वाचून येत नाही. ते हाताने करावे लागते. एक गृहपाठ देतो. महाराष्ट्रातील कुस्तीच्या इतिहासावर एक पुस्तक आहे असे समजा; खासबाग कुस्ती मैदानाच्या गावात याहून जवळचा विषय कुठला? ड्यूई पद्धतीत कुस्ती ७९६.८१२ येथे आहे. त्याला इतिहास व भौगोलिक विवेचनाचा ०९ आणि त्यापुढे स्थलतक्त्यातला महाराष्ट्राचा ५४७९२ जोडा, की ७९६.८१२०९५४७९२ हा अंक तयार होतो. हा अंक एकदा स्वतः बांधला की सामान्य उपविभाग म्हणजे काय, स्थलतक्ता कशासाठी असतो आणि पुस्तकाच्या पाठीवर एवढी लांबलचक शेपटी का लिहिली जाते, हे विसरता येत नाही. त्याच पुस्तकाचा दाखल अंक (संग्रहात नोंदवतानाचा क्रमांक), वर्गांक आणि ग्रंथांक (त्या वर्गातले नेमके पुस्तक ओळखण्याचा अंक) यांतला फरकही तेव्हाच लख्ख होतो. वर्गांक आणि ग्रंथांक मिळून बोधांक होतो; बोधांक म्हणजे फक्त वर्गांक असे समजणारे पदव्युत्तर विद्यार्थी मी पाहिले आहेत.

रंगनाथन यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती विषय व्यक्तित्व, पदार्थ, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पाच बाजूंत फोडते. तिच्यासाठी आपल्या शेतातला विषय घ्या : विसाव्या शतकात कोल्हापूर जिल्ह्यात उसावरील रोगांचे नियंत्रण. मूलवर्ग शेती. ऊस हे व्यक्तित्व, रोग आणि नियंत्रण या कृतीच्या, म्हणजे ऊर्जेच्या, बाजूच्या गोष्टी, कोल्हापूर हे स्थळ आणि विसावे शतक हा काळ. इथेच एक खाचखळगा आहे. सहाव्या आवृत्तीत ऊर्जा म्हणून गणलेले अनेक घटक १९८७ च्या सातव्या आवृत्तीत पदार्थाच्या गुणधर्मांत गेले, म्हणून प्रश्नात आवृत्तीचा उल्लेख असेल तर तो वाचल्याशिवाय उत्तर देऊ नये. विरामचिन्हांचेही तसेच : स्वल्पविराम व्यक्तित्वाचा, अर्धविराम पदार्थाचा, द्विबिंदू ऊर्जेचा, पूर्णविराम स्थळाचा आणि एकेरी अवतरणचिन्ह काळाचे. पाच-सहा विषय असे स्वतः फोडून पाहा. ते विषय मार्गदर्शकातले नसावेत, तुमच्या घरातल्या, गल्लीतल्या, कारखान्यातल्या गोष्टींचे असावेत.

आकडेमोडीचे प्रश्न थोडे असतात, पण सोडून देण्यासारखे नसतात. समजा, एका विषयावर संग्रहात उपयुक्त लेख ४० आहेत. शोध घेतल्यावर ५० लेख समोर आले आणि त्यांतले ३० उपयुक्त निघाले. चाळीसपैकी तीस मिळाले म्हणून प्रत्यानयन ७५ टक्के, आणि मिळालेल्या पन्नासांत तीस कामाचे म्हणून अचूकता ६० टक्के. भाजक कोणता, एवढाच इथला प्रश्न आहे. क्लेव्हरडन यांनी माहितीशोधाविषयीच्या क्रॅनफिल्डच्या प्रयोगांत जे दाखवले ते देवघेवीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते : वाचकाला जास्त द्यायला गेलो की त्यात नको असलेलेही येते, आणि नेमके द्यायला गेलो की हवे असलेले काही सुटते.

जे ग्रंथालयात नोकरी करतात त्यांची तक्रार असते की अभ्यासाला वेळ मिळत नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. अर्थात मी आता निवृत्त आहे, तेव्हा हे बोलणे मला सोपे आहे हेही कबूल करतो. तुम्ही रोज कोहा किंवा सोल या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत नोंद करता. त्या पडद्यावर २४५ या क्रमांकासमोर शीर्षक का लिहायचे, १०० समोर लेखक आणि ०२० समोर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांक) का, हे दुपारच्या निवांत वेळेत एकदा विचारले तर मार्क-२१ या संगणकीय नोंदींच्या साच्यावरचे प्रश्न तिथेच संपतात. आयएसबीएन १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झाला. कपाटातले त्याआधीचे आणि नंतरचे असे एकेक पुस्तक काढून शेवटचा तपासअंक कागदावर पडताळून पाहा. दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी कधीकधी एक्स हे अक्षर का येते, हे अकराने भागाकार करून बघितल्याशिवाय पटत नाही.

पहिल्या पेपरविषयी फार बोलत नाही, पण त्याकडे दुर्लक्ष करू नका. ३०० पैकी १०० गुण तिथे आहेत आणि संशोधन पद्धती, माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान, उच्च शिक्षण या घटकांत आपल्या विषयाचा विद्यार्थी इतरांपेक्षा पुढे असतो. तर्क आणि आकडेवारीचे उतारे मात्र रोज थोडे सोडवावेत. ते शेवटच्या आठवड्यात साधत नाहीत.

भाषेचा मुद्दा राहिला. आपल्यापैकी अनेकांनी पदवी मराठीतून घेतली आहे आणि नेटचा आपला पेपर इंग्रजी व हिंदीत असतो. ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदींना मराठीत आपण तालिका म्हणतो, तेच हिंदी अनुवादात सूची होते, आणि मराठीतली सूची, म्हणजे ग्रंथसूची, मनात असलेला उमेदवार गोंधळतो. म्हणून प्रत्येक संज्ञा मराठीतून समजून घ्या, पण वहीत तिच्यासमोर इंग्रजी रूप लिहून ठेवा आणि सराव प्रश्नपत्रिका इंग्रजीतूनच सोडवा. विधान आणि कारण या प्रकारच्या प्रश्नात दोन्ही विधाने खरी असूनही कधीकधी दुसरे पहिल्याचे कारण नसते, हे हिंदी अनुवादावरून ठरवायला गेलात तर फसाल.

जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना बरोबर आलेल्या उत्तरापाशीही थांबा आणि उरलेले तीन पर्याय कशाची उत्तरे आहेत ते लिहा. एका प्रश्नातून चार प्रश्नांचा अभ्यास होतो. याला वेळ लागतो. दिवसाला पंधरा प्रश्न झाले तरी पुरे.

परीक्षेनंतर तात्पुरती उत्तरसूची जाहीर होते आणि तिच्यावर आक्षेप घेता येतो, त्यासाठी प्रत्येक प्रश्नामागे शुल्क भरावे लागते. हा आक्षेप पुराव्यासह द्यायचा असतो, आणि मार्गदर्शकाचे पान पुरावा म्हणून जोडणारे उमेदवार मी पाहिले आहेत. मूळ ग्रंथ काढा, आवृत्ती आणि मुद्रणाचे वर्ष पाहा, त्या पानाची प्रत घ्या आणि मगच शुल्क भरा. शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात आपल्या विषयाची कपाटे आहेत. तिथे जाताना सदस्यपत्र बरोबर ठेवा, आणि पुस्तक सापडले नाही तर तिथल्या संदर्भ विभागात बसलेल्या आपल्याच व्यवसायबंधूला विचारायला संकोचू नका.