स्विचची मेमरी कशानं झिजते?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मला जिन्यातच थांबवलं. म्हणाल्या, "मुलानं हॉलमध्ये ते मोबाइलवरचे स्विच बसवलेत. मी संध्याकाळी दहा वेळा दिवे कमी-जास्त करते. तो म्हणतो, आई, सारखं बदलू नकोस, आतली मेमरी खराब होते. खरं का हो?" मुलाच्या बोलण्याला आधार आहे. पण आईचा हात धरायची काहीच गरज नाही, आणि जिथं खरंच लक्ष द्यायला हवं तिथं कुणी बघत नाही. म्हणून आज हाच विषय घेतला.

हा एक स्विच मी उघडून आणलाय. हा निळा ठोकळा म्हणजे रिले, दिव्याची वीज जोडणारा-तोडणारा. ही वाय-फायची चिप. आणि तिच्या शेजारी ही आठ पायांची, हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी चिप दिसतेय ना, ती फ्लॅश मेमरी. वाय-फायचा पासवर्ड, टायमर, वीज गेली तेव्हा दिवा चालू होता की बंद, हे सगळं हिच्यात लिहिलेलं असतं.

ही मेमरी तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली आणि १९८४ मध्ये जगापुढे मांडली. 'फ्लॅश' हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवलं. सगळं एका झटक्यात पुसलं जातं, त्यावरून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. आजचं सगळं उत्तर या पुसण्यातच आहे.

अशी पाटी डोळ्यासमोर आणा, जिच्यावर कोऱ्या जागेत हवं ते लिहिता येतं, पण एक अक्षर खोडता येत नाही. खोडायचं तर अख्खी पाटी पुसायची. या चिपमध्ये एक पाटी साधारण ४,०९६ बाइटची असते. प्रत्येक बिट म्हणजे इलेक्ट्रॉन कोंडून ठेवायची एक खोली, आणि तिच्या भिंती सिलिकॉनच्या ऑक्साइडच्या. सगळ्यात पातळ भिंत सुमारे १० नॅनोमीटरची. पुसताना चिप आतल्या आत मोठा व्होल्टेज तयार करते आणि इलेक्ट्रॉन त्या भिंतीतून बाहेर ओढून काढते. दर खेपेला थोडे भिंतीतच अडकून राहतात. असं होता होता एक दिवस खोली भरलेली की रिकामी, हेच चिपला नीट कळेनासं होतं. झीज म्हणतात ती हीच. वाचल्यानं ती होत नाही म्हटलं तरी चालेल.

अशा चिपचे उत्पादक एका पाटीला साधारण १ लाख वेळा पुसण्याची हमी देतात. आता काकूंचा हिशेब करू. रोज १० बदल म्हणजे वर्षाला ३,६५०. दर बदलाला तीच पाटी पुसली, असं अगदी वाईटात वाईट धरलं तरी २७ वर्षं. तोवर हॉलचा रंग चार वेळा बदललेला असेल!

बहुतेक ठिकाणी तीच पाटी पुसतही नाहीत. ईएसपी३२ नावाच्या वाय-फाय चिपसाठी सेटिंग साठवण्याची जी तयार पद्धत आहे, तिच्यात नवी नोंद खालच्या ओळीवर लिहितात, वहीत लिहावं तशी. एका पानावर १२६ ओळी. पान भरलं की पुढचं पान. पुसण्याची वेळ शंभर-सव्वाशे नोंदींनंतर एकदा येते. मला ही युक्ती फार आवडते. हार्डवेअरमध्ये एक पैचाही बदल न करता आयुष्य शंभरपट वाढतं.

मग धोका कुठं? माणसाचं बोट थकतं, घड्याळ थकत नाही. समजा, बाहेरच्या उन्हाप्रमाणे दिव्याचा रंग बदलत राहावा म्हणून कुणी दर मिनिटाला हुकूम जाईल अशी सोय केली. दिवा रोज १० तास चालू. झाले ६०० बदल. फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतला प्रोग्रॅम, साधं असेल आणि प्रत्येक वेळी एकच पाटी पुसत असेल, तर १ लाखाचा आकडा साडेपाच महिन्यांत संपतो. घरात कुणी बटणाला हातही लावलेला नसतो.

आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत टेस्लानं मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या. डॅशबोर्डवरच्या पडद्यामागच्या संगणकातली ८ जीबीची फ्लॅश मेमरी वापरून संपत होती. ती वेगळ्या जातीची, सुमारे ३,००० वेळा पुसण्यापुरती. गाडी सुरू असली की काही ना काही लिहिलंच जायचं. पाच-सहा वर्षांत पडदा बंद, आणि मागचं दाखवणारा कॅमेराही गेला. चालकानं सेटिंग किती वेळा बदलली याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

म्हणून स्वतः फर्मवेअर टाकणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. स्थिती किती वेळानं साठवली जाते ते एकदा बघा. टास्मोटा आणि ईएसपीहोम ही अशा स्विचमध्ये स्वतः टाकता येणारी फर्मवेअर. टास्मोटामध्ये हा काळ मुळात १ सेकंदाचा असतो. 'सेव्हडेटा' या कमांडनं तो तासापर्यंत वाढवता येतो. ईएसपीहोम मिनिटभराचे बदल गोळा करून एकदम लिहितं. आणि मिनिटामिनिटाला बदलणारा दिवा वीज आल्यावर नेमका त्याच रंगात लागायला हवा का? मला तरी वाटत नाही. ठरावीक रंगात लागला तरी चालतं, आणि मग ती स्थिती साठवायचं कारणच उरत नाही.

राहिला हा निळा रिले. ऐका, टक्. पूर्ण भारावर याचंही आयुष्य साधारण १ लाख वेळा चालू-बंद होण्याचं असतं. इथं पाटी बदलून घेण्याची सोय नाही, दर वेळी तेच दोन संपर्क एकमेकांवर आपटतात आणि ठिणगी पडते. जिन्यातला दिवा हालचाल टिपून दिवसभर लागत-विझत असेल, तर आधी हा जाईल. काकूंना मी तेवढंच सांगितलं: हॉलमध्ये खुशाल बदला, मुलाला म्हणावं जिन्यातल्या सेन्सरची वेळ अर्ध्या मिनिटावरून तीन मिनिटं कर.