लेखकाच्या आधी पुस्तक पोचू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत लेखक येणार म्हटलं की तयारी कसली चालते? फळ्यावर रंगीत खडूनं 'सुस्वागतम्', शाल-श्रीफळ, पाचवीतल्या मुलींचं स्वागतगीत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय. ३५ मिनिटांच्या दोन तासिका जोडून ७० मिनिटं मिळालेली असतात, त्यातली २५ इथंच संपतात. पुढं पाहुणे बोलतात, मुलं टाळ्या वाजवतात, आणि ज्या पुस्तकासाठी हा सगळा घाट घातला ते वर्गातल्या एकाही मुलानं उघडलेलं नसतं.

परदेशातली पुस्तकं लेखक-कार्यशाळेतून मुलांपर्यंत कशी न्यायची, याबद्दल आज बोलायचं आहे. ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत किंवा नेरूळला ज्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या डोक्यात असं काही करायचं घाटत असेल, त्यांना पहिली सूचना एवढीच की लेखकाच्या आधी पुस्तक वर्गात पोचलं पाहिजे. निदान पंधरा दिवस आधी.

कल्पना नवी नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर येला लेपमान या बाईंनी देशोदेशी पत्रं धाडून मुलांची पुस्तकं मागवली आणि १९४६ साली म्युनिकमध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यातूनच १९४९ मध्ये तिथं मुलांसाठी आंतरराष्ट्रीय ग्रंथालय उभं राहिलं, ते आजही चालू आहे. आपल्याकडेही भा. रा. भागवतांनी फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हातात दिला, त्याला कितीतरी वर्षं झाली. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ पासून आहे. पुस्तकं आणि वाचनालयं आहेत. ती वर्गात आणायची कशी, एवढाच प्रश्न उरतो.

आता परदेशी लेखक आणायचा कुठून? आणायलाच हवा असं नाही. मराठीत मुलांसाठी लिहिणारा एखादा लेखक, अनुवादक किंवा चित्रकार परदेशी पुस्तकावर कार्यशाळा उत्तम घेतो. आमच्या मते अनुवादक तर लेखकाहूनही बरा, कारण त्यानं ते पुस्तक ओळ न् ओळ उलगडलेलं असतं. तिथल्या पोराच्या डब्यात काय असतं, हे मुलांनी विचारलं तर तो अडत नाही.

पुस्तक निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी ते मोठ्यानं वाचायला दहा-बारा मिनिटांहून जास्त लागू नये. चित्र शेवटच्या बाकावरून ओळखू यावं. आणि त्यात एक तरी गोष्ट मुलांना अनोळखी असावी, जी त्यांना चित्रातूनच हेरता येईल. घरावर साचलेला बर्फ, दाराशी काढून ठेवलेले बूट, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानाभोवती जेवायला बसलेलं कुटुंब, असं काहीतरी. ही अनोळखी गोष्ट शिक्षकांनी आधीच समजावून सांगू नये. मोह होतो, पण आवरावा. हान्सचा हणमंता आणि सफरचंदाचा पेरूही करू नये. तसं केलं की ते पुस्तक दुसऱ्या देशाचं राहतच नाही.

शाळेच्या कपाटात 'परदेशी' म्हणून जे असतं ते बहुतेक इंग्लंड-अमेरिकेचं. जरा इकडंतिकडंही पाहा. इराण, जपान, श्रीलंका, आफ्रिकेतले देश. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' नॅशनल बुक ट्रस्टनं मराठीत आणलेलं आहे, ते सहावी-सातवीला चांगलं चालतं. एका बैठकीत ते संपत नाही, म्हणून त्यातली दोनच छोटी प्रकरणं घ्यावीत.

प्रती किती लागतात? तीन मुलांमागं एक, म्हणजे ३६ मुलांना १२. एका प्रतीवर सहा डोकी वाकली की कडेची दोघं खिडकीबाहेर बघायला लागतात. बाहेरून आलेलं चित्रपुस्तक सहसा पाचशे रुपयांच्या पुढंच असतं, तेव्हा बारा प्रतींना सहा हजारांहून जास्त होतात. ते परवडत नसेल तर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासूनचं. त्यावर आफ्रिकेतल्या आणि इतर देशांतल्याही गोष्टी आहेत, बऱ्याच मराठीतही आहेत. खुल्या परवान्यामुळे त्या छापून वाटता येतात. मात्र छापताना एक चूक सर्रास होते. कागद वाचवायचा म्हणून शेवटचं पान गाळतात. लेखक, चित्रकार, अनुवादक यांची नावं आणि परवाना त्याच पानावर असतो. ती नावं द्यायची, एवढ्याच अटीवर तर पुस्तक फुकट मिळालेलं असतं.

बाजारातल्या पुस्तकाची अख्खी झेरॉक्स काढून वाटणं मात्र बरोबर नाही. आपल्या कायद्यानं लेखक गेल्यानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. परीकथा लिहिणारा डॅनिश लेखक हान्स अँडरसन १८७५ मध्ये गेला, त्याच्या मूळ गोष्टी सगळ्यांच्या झाल्या आहेत. पण त्याच गोष्टीचा अलीकडे झालेला मराठी अनुवाद आणि नवी चित्रं यांचे हक्क वेगळे असतात. वाचनाचं चित्रीकरण करून ते सगळ्यांसाठी नेटवर चढवायचं असेल तर प्रकाशकाची परवानगी घ्यावी. बरेच जण विचारल्यावर देतात. विचारतच कोणी नाही.

आता एक कार्यशाळा जवळून पाहू. सुरुवातीला इराणची गोष्ट घ्यावी असं आम्ही सुचवतो, आणि त्याला कारण आहे. आपली म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा' म्हणते आणि येताना भोपळ्यात बसून येते. चल रे भोपळ्या टुणूक टुणूक. ही गोष्ट मराठी मुलाला बालवाडीपासून पाठ असते. इराणमध्ये हीच गोष्ट आहे. तिथंही म्हातारी लेकीकडे जाते. तिला लांडगा, बिबट्या आणि सिंह आडवे येतात. त्यांनाही ती लठ्ठ होऊन येण्याचंच आश्वासन देते, आणि परतताना भोपळ्यात बसून गडगडत येते. लेकीकडे काय खाणार, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं, पण त्यात बहुधा पुलाव असतो. बंगालीतही ही म्हातारी भेटते.

पहिली दहा मिनिटं मुलांनीच आपली भोपळ्याची गोष्ट सांगावी, एकेकानं एकेक वाक्य. मग फारसी पुस्तक मिळालं तर ते, नाहीतर त्याच्या पानांची चित्रं समोर धरावीत आणि मराठीत गोष्ट वाचावी. फारसी पुस्तक उजवीकडून उघडतं. 'बाई, उलटं धरलंय,' असं कुणीतरी ओरडतंच. राबोडी किंवा मुंब्र्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेत हे कुणी ओरडत नाही, कारण त्यांचं रोजचं पाठ्यपुस्तक तसंच उघडतं. जमलं तर मराठी आणि उर्दू माध्यमाच्या एकेका वर्गाची कार्यशाळा एकत्र घ्यावी. पुस्तक कुठल्या बाजूनं सुरू होतं ते मग मुलंच मुलांना दाखवतात.

वाचताना पुस्तक छातीशी धरू नये. खांद्याच्या रेषेत, एका बाजूला धरावं, म्हणजे वाचणाऱ्याला मजकूर दिसतो आणि मुलांना चित्र. वीसपेक्षा जास्त मुलं असली की मागच्यांना चित्र दिसत नाही. तेव्हा वर्गाचे दोन गट करून दोनदा वाचलेलं बरं. प्रोजेक्टर लावायचा तर आदल्या दिवशी त्याच वेळेला लावून पाहा. पूर्वेच्या खिडक्यांना पडदे नसले तर सकाळी अकरापर्यंत भिंतीवर नुसते फिकट डाग दिसतात.

गोष्ट वाचून झाली की 'मूळची कुणाची, आपली की त्यांची?' हा वाद निघतो. तो पाच मिनिटांच्या पुढं चालू देऊ नये. तो वर्गात सुटणारा नाही. त्याऐवजी प्रत्येक तिघांना एक कागद द्यावा आणि दोन्ही गोष्टींतले फरक लिहायला सांगावेत: प्राणी, जेवण, म्हातारीचे कपडे, घराचं छप्पर. निम्मे फरक चित्रातच सापडतात.

यानंतर लेखकाचं काम. 'आता तुम्ही गोष्ट लिहा' असं म्हटलं की वर्ग गार पडतो. एकच गोष्ट बदलायला सांगावी. समजा, म्हातारी कळव्याहून बेलापूरला लेकीकडे निघाली आहे. वाटेत तिला कोण अडवेल? ती काय खाईन म्हणेल? आणि परत येईल ती कशात बसून? इथं लेखकानं स्वतःचा नमुना मुळीच वाचून दाखवू नये. दाखवला की ३६ पैकी ३० गोष्टींत तोच टीसी आणि तीच रिक्षा येते.

लिहिलेली गोष्ट पुस्तकात उतरवायला एक ए-फोर कागद पुरतो. तो आडवा ठेवा. लांबीच्या दिशेनं मधोमध घडी घालून उघडा. मग रुंदीच्या दिशेनं दोनदा घडी घाला आणि उघडा, म्हणजे आठ चौकोन दिसतात. आता रुंदीच्या दिशेनं एकदाच अर्ध्यात दुमडा. बंद घडीच्या बाजूनं मधल्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंत कापा, त्याच्या पुढं नाही. कागद उघडला की मध्यावर चीर दिसते. लांबीच्या दिशेनं दुमडून दोन्ही टोकं आत ढकला. चीर फाकून अधिकचं चिन्ह तयार होतं, ते एका बाजूला मिटवा. आठ पानांचं पुस्तक झालं: दोन मुखपृष्ठं आणि आतली सहा पानं. बिघडतं ते कापताना. निम्मी मुलं उघड्या कडेकडून कापतात, मग चिरा कागदाच्या दोन टोकांना पडतात आणि पुस्तक मिटत नाही. म्हणून तेवढं एक कापणं सगळ्यांनी एकदम, शिक्षकांकडे बघून करावं. साधा ७५ जीएसएमचा कागद घ्यावा. कार्डशीट एवढ्या घड्या घेत नाही.

पानं सहाच असल्यामुळे मुलांना आपोआप ठरवावं लागतं, की वाघ कुठल्या पानावर भेटवायचा आणि पान उलटल्यावर काय दाखवायचं. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची का असतात, हे सांगायची हीच वेळ. छापखान्यात एक मोठा कागद दुमडून १६ पानं होतात, असे दोन कागद. हे ऐकल्यावर मुलं हातातल्या पुस्तकाची पानं मोजायला लागतात. मोजू द्यावीत.

प्रश्नोत्तरांसाठी शिक्षकांनी लिहून दिलेले प्रश्न नकोत. 'तुम्हाला लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली?' याचं उत्तर दरवेळी तेच येतं. प्रत्येक गटानं एका पानाचा नंबर आणि त्या पानाबद्दलचा प्रश्न चिठ्ठीवर लिहावा. चिठ्ठ्या डब्यात टाकून उचलाव्यात. म्हणजे नेहमीची चार हुशार मुलंच बोलत राहत नाहीत.

परदेशातल्या लेखकाशी पडद्यावर बोलायचं असेल तर घड्याळ पाहून ठरवा. जपान आपल्यापुढं साडेतीन तास, म्हणून तिकडच्यांसाठी सकाळचं सत्र. इराण दोन तास मागं. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. डिसेंबरमध्ये आपले दुपारचे दोन म्हणजे तिथले सकाळचे साडेनऊ. तेव्हा युरोपसाठी दुपारचं सत्र. दुभाष्या असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा होतं, वीस मिनिटांत दहाच मिनिटांचं बोलणं होतं. म्हणून लेखकाकडून त्याच्या भाषेतल्या वाचनाची तीन मिनिटांची ध्वनिफीत आधी मागवून लॅपटॉपवर उतरवून ठेवावी आणि थेट वेळ फक्त प्रश्नांना द्यावा. लॅपटॉप मागच्या बाकावर ठेवून ४० मुलांनी एकदम बोललं तर पलीकडे निव्वळ कालवा ऐकू जातो. ज्याची चिठ्ठी निघाली त्यानं पुढं येऊन बोलावं, पंखे तेवढ्यापुरते बंद ठेवावेत, आणि एक मोबाईल हॉटस्पॉट तयार असावा.

मानधनाचं आधीच बोलून घ्या, लेखी. शाल-श्रीफळ म्हणजे मानधन नव्हे. प्रवासखर्च वेगळा. पाहुणे मुंबईहून यायचे असतील आणि शाळा घोडबंदर रस्त्यावर असेल तर सकाळी आठची वेळ देऊ नका. वाचनालयात रविवारी कार्यक्रम ठेवाल तर आधी मेगाब्लॉक बघा, मध्य रेल्वेचाही आणि ट्रान्स-हार्बरचाही.

वर्षातले दिवसही तपासून घ्यावेत. २ एप्रिल हा अँडरसनचा जन्मदिवस जगभर बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो, पण आपल्याकडे तेव्हा वार्षिक परीक्षांची धामधूम. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाच्या आसपास सहामाही किंवा दिवाळीची सुट्टी. जुलैत गाड्या कधी थांबतील त्याचा नेम नाही. दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्यापासून स्नेहसंमेलनाच्या तालमी लागेपर्यंतचे तीन-चार आठवडे त्यातल्या त्यात बरे. बाहेरून पुस्तकं मागवायची असतील तर ती यायला वेळ लागतो, म्हणजे ऑगस्टमध्येच मागणी नोंदवावी लागते.

कार्यशाळा झाली की त्या बारा प्रती लगेच कुलपात जातात, 'खराब होतील' म्हणून. त्या दोन आठवडे वर्गातच दोरीवर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, आणि घरी नेण्यासाठी एक वही करा: नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. मुलांनी केलेली आठ पानी पुस्तकंही त्याच वहीत नोंदवा, म्हणजे तीसुद्धा घरी नेता येतात. एखादी प्रत फाटेल, तिला पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. ती वर्षभरात पिवळी पडते आणि पान कडक होतं. पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवा.

नमस्कार.