पेशंटला सांगू नका

(दृश्य: सकाळ. कोल्हापूरचा दसरा चौक, सीपीआर या सरकारी दवाखान्याची जुनी दगडी इमारत. फाटकाबाहेर वडाप, रिक्षा, एसटीतून उतरलेली माणसं.)

कोल्हापुरात पेशंट एकटा येत नाही. शाहूवाडीच्या वाडीवरनं येवो, निपाणीहून येवो नाहीतर घाट चढून कोकणातनं. बरोबर थोरला मुलगा असतो, जावई असतो, शिवाय गावातला एखादा 'दवाखान्यातलं कळणारा' असतोच. केस पेपरच्या रांगेत एक जण उभा, दुसरा चहाला, तिसरा फोनवर. फाईल पेशंटच्या हातात सहसा नसतेच, ती थोरल्याच्या काखेत असते.

तपासणीच्या खोलीत पेशंट स्टुलावर बसतो. प्रश्न त्याला विचारले जातात आणि उत्तरं मागं उभ्या असलेल्यांकडून येतात.

"भूक लागते का?"

"न्हाई साहेब, दोन घास खात्यात नुसतं."

"झोप?"

"रातभर कूस बदलत्यात."

जिवंत, शुद्धीवर असलेला, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनेल उभं करणारा माणूस इथं आपल्याबद्दल तृतीयपुरुषी बोलणं ऐकत बसतो. मग डॉक्टर रिपोर्ट उचलतात आणि थोरला हळूच म्हणतो, "आप्पा, तुम्ही जरा भाईर बसा."

(दृश्य: एका खासगी दवाखान्याचा कॉरिडॉर. चेहरे दिसत नाहीत.)

आप्पा बाहेर बाकावर. दाराला काच आहे, तिच्यातनं थोरल्याची पाठ दिसते. डॉक्टरांचे ओठ हलतात. थोरल्याचा हात एकदा कपाळाकडं जातो, मग तो तोंड पुसतो आणि वळायच्या आधी क्षणभर तसाच थांबतो. बाहेर आल्यावर आवाज मोठा केलेला असतो. "काय न्हाई आप्पा, अल्सर हाय. सहा सुया घ्यायच्या म्हणत्यात."

आत काय बोलणं झालं ते इथल्या कुठल्याही डॉक्टरला न ऐकता सांगता येईल. "आप्पास्नी यातलं काय बी सांगू नका. हाय खाऊन जातील."

या वाक्यात लबाडी नाही. ज्या बापानं गुऱ्हाळावर रात्री काढून शिकवलं, त्याच्या कानावर 'कॅन्सर' पडू नये असं वाटणं ही माया आहे, तिला नावं ठेवायला हा कॅमेरा आलेला नाही. पण त्या गप्प बसण्यानं कुणाचं ओझं हलकं होतं, हे विचारायला पाहिजे. मुलाला बापाच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही. डॉक्टरची अर्ध्या तासाची गोष्ट पाच मिनिटांत आटपते. आप्पांचं काय हलकं झालं?

कारण आप्पांना कळलेलं असतं. बाकावर शेजारी बसलेल्याचे केस गेलेले दिसतात. फाईलवरचं इंग्रजी नाव बारावीतली नात मोबाईलवर टाकून बघते आणि त्या दिवसापासून आजोबांशी भांडायची बंद होते. घरातले सगळेच भांडायचे बंद होतात. आमच्याशी बोललेल्या एका आजोबांना कळलं ते वेगळ्याच माणसाकडून. बांधावरनं कोर्टात गेलेला, कित्येक वर्षं तोंड न बघितलेला भाऊ एके दिवशी चार शहाळी घेऊन सोप्यात उभा राहिला. आजोबा सांगतात, "ह्यो आला म्हटल्यावर मी वळखलं, माझं काय खरं न्हाई."

मग घरात एक नाटक सुरू होतं. पोरं अल्सर म्हणतात, बाप अल्सर म्हणतो. बायको ज्योतिबाचा गुलाल उशाखाली ठेवते आणि नवस कशासाठी बोललाय ते कुणालाच सांगत नाही. जो तो दुसऱ्याला जपतो, आणि ज्या माणसाला रात्री तीन वाजता खरोखर भीती वाटते, त्याला ती बोलून दाखवायला घरात कुणी उरत नाही.

आणि नाटकाची किंमत शेवटी उपचारांतच मोजावी लागते. अल्सर समजणारा माणूस केमोची तारीख उसाच्या तोडीसाठी पुढं ढकलतो. 'आता बरं वाटतंय, कशाला सुया' म्हणून तिसऱ्या वेळी येतच नाही. गालातल्या जखमेला दाताचं कारण सांगितलेलं असतं, म्हणून तंबाखूची डबी खिशातच राहते. मग डॉक्टर म्हणतात, पेशंट सहकार्य करत नाही. कशात सहकार्य करायचं, हे त्याला कुणी सांगितलंय?

(दृश्य: कॅश काउंटरशेजारची भिंत. चौकटीत छापील कागद.)

महाराष्ट्रात 2021 साली नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. आपल्या आजाराचं स्वरूप समजून घेणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हे त्या हक्कांतले. कागद लागलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो बिल भरायच्या खिडकीजवळ असतो, तिथं उभ्या माणसाला वाचायची उसंत नसते, आणि तिथं उभा असतो तो नातेवाईक.

सहीचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली दिल्लीच्या एका प्रकरणात निकाल दिला. एक बाई तपासणीच्या दुर्बिणीसाठी भूल घेऊन टेबलावर होत्या. आत दिसलेल्या आजारासाठी डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईची संमती चालणार नाही. या निकालानंतरही वॉर्डात हाक येते ती "पेशंटबरोबर कोण आहे? सही करायला या" अशीच. बाईमाणूस पेशंट असेल तर सही नवऱ्याची, हे तर न विचारताच ठरलेलं. तिला काय झालंय ते सासूला माहीत, नणंदेला माहीत. तिला 'पिशवी खराब झालीय' एवढंच.

आता डॉक्टरांच्या बाजूनंही बघू, कारण ते सोपं नाही. सरकारी ओपीडीत दारापर्यंत रांग आहे. एकेका पेशंटला मोजकी मिनिटं मिळतात, आणि त्यांतल्या एकाला त्याचा कॅन्सर सांगायचा. पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे, ती डॉक्टर कॅमेरा बंद झाल्यावर बोलतात. काच फोडायला पेशंट येत नाही, नातेवाईक येतात. दवाखान्यांवरच्या हल्ल्यांसाठी राज्यानं 2010 साली वेगळा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड ठेवला, तरी धास्ती गेलेली नाही. जो उद्या गर्दी घेऊन येऊ शकतो, त्याला आज विश्वासात घेतलं जातं. म्हणजे माहिती आजारामागं जात नाही, ताकदीमागं जाते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ इथं आहे, 'आपली संस्कृतीच अशी' म्हणण्यात नाही.

संस्कृतीचं कारण खरं असतं, तर एचआयव्हीच्या बाबतीत आपल्याला जे जमलं ते जमलंच नसतं.

(दृश्य: बंद दार. दारावर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' अशी पाटी.)

या खोलीत आधी समुपदेशक बोलतात, मग संमती, मग रक्त. निकाल सांगताना आत फक्त पेशंट. थोरला मुलगा, जावई, गावातला कळणारा, सगळे बाहेर. एचआयव्ही-एड्सचा कायदा 2017 साली झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्यानं पेशंटच्या संमतीशिवाय ही माहिती दुसऱ्याला देण्याला बंदी घातली. हीच माणसं, हीच गावं, हीच एकत्र कुटुंबं. बातमी तितकीच जड. तरी ती आधी पेशंटला सांगितली जाते. घरच्यांना कधी आणि कसं सांगायचं, ते समुपदेशक त्याच्याबरोबर बसून ठरवतात. त्यासाठी एक खोली लागली, एक शिकलेला माणूस लागला आणि थोडा वेळ लागला.

कॅन्सरच्या वाट्याला सहसा कॉरिडॉर येतो.

वाईट बातमी सांगायची एक पद्धत कॅन्सरच्या डॉक्टरांनीच 2000 साली मांडलेली आहे. सहा पायऱ्या आहेत, तिला 'स्पाइक्स' म्हणतात. तिच्यात खरं सांगण्याच्या आधी दोन प्रश्न येतात. तुम्हाला काय झालंय असं वाटतं? आणि तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. 'मला नको, माझ्या लेकीला सांगा' असं म्हणायचाही माणसाला हक्क आहे. ते त्यानं म्हणायचं असतं, लेकीनं परस्पर नाही. आपल्याकडं एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद हा भाग आला, तेव्हा आज वॉर्डात फिरणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना हे निदान ऐकून तरी ठाऊक आहे.

शेवटच्या दिवसांबद्दलही तसंच. व्हेंटिलेटर नको, असं आधी लिहून ठेवायला न्यायालयानं 2018 साली मान्यता दिली. 2023 साली ते सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण अल्सर झालेला माणूस असला कागद कशाला लिहील?

(दृश्य: छोटी ओपीडी. टेबलावर फाईल.)

इथल्या एका डॉक्टरबाईंनी स्वतःपुरता एक रिवाज पाडलाय. पहिल्याच दिवशी, कुठलाही रिपोर्ट यायच्या आधी, केस पेपरच्या वरच्या कोपऱ्यात त्या एक ओळ लिहितात: 'माहिती कुणाला द्यायची?' उत्तर पेशंटनं द्यायचं. नातेवाईक मधे बोलले तर त्या म्हणतात, "दादा, तुमचा नंबर नंतर." आधी लोक बिचकतात. एका म्हाताऱ्यांनी बराच वेळ घेऊन सांगितलं, "मला सांगा, आन् मला कळलंय हे थोरल्याला बी तुम्हीच सांगा." एकांनी साफ नकार दिला, "पोरगा बघंल सगळं." तेही तसंच लिहून ठेवलं.

गडहिंग्लजकडच्या एका काकूंचं उत्तर फाईलवर आहे: 'मला. नवऱ्याला मी सांगते.' स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट त्यांनी स्वतः ऐकला, किती खर्च आणि योजनेत बसतं का तेही विचारलं. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. संमतीपत्रावर सही त्यांची आहे, खाली साक्षीदार म्हणून काकांची.