वळवाच्या आधी छप्पर

मंडळी, आपल्याकडे घराची डागडुजी मृगाच्या तोंडावर काढायची पद्धत आहे. मेचा शेवटचा आठवडा आला की कौलं फिरवायची, पत्र्याच्या भोकांवर डांबर थापायचं, पन्हाळी साफ करायच्या. पावसासाठी हे वेळापत्रक ठीक आहे. वाऱ्यासाठी मात्र तोवर उशीर झालेला असतो, कारण छपरं उडवणारा वळीव एप्रिल-मेमध्येच येऊन जातो. जोतिबाच्या चैत्र यात्रेला जाण्याआधी छपराचं काम उरकलेलं असावं, म्हणजे ते होळीच्या सुमारास सुरू करायला हवं.

मोसमी वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, दिवसेंदिवस वाहतो आणि त्याची दिशा ठरलेली असते. वळवात उंच ढगातली थंड, जड हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीला आपटून चहूकडे पसरते. ढग ज्या अंगाला, त्या अंगाने वारा. दहा-पंधरा मिनिटांत सगळा खेळ आटोपतो. त्यामुळे ‘आमच्या घराला पश्चिमेनं आडोसा आहे’ हा भरवसा वळवात धरता येत नाही.

आता थोडा हिशेब. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आहे, आयएस ८७५, भाग ३. त्यात देश वाऱ्याच्या वेगानुसार विभागला आहे आणि आपला कोल्हापूरचा भाग सेकंदाला ३९ मीटरच्या पट्ट्यात येतो. ताशी साधारण १४० किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे, पन्नास वर्षांत एखादा येईल असा धरलेला झोत आहे. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे ९३ किलोचा भार. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. दहा बाय बारा फुटांची खोली घेतली, तर पत्रे सगळे मिळून पन्नास-पंचावन्न किलोचे आणि छपरावरून जाताना वाऱ्याचा वर ओढणारा जोर, हाच दाब धरला तर, ढोबळमानाने एक टन.

या हिशेबात पत्र्यावर ठेवलेले दगड, वाळूची पोती, जुने टायर बसवून बघा. दहा-दहा किलोचे वीस दगड ठेवले तरी दोनशे किलो होतात. पत्रा उचलला गेला की तेच दगड घरात किंवा शेजाऱ्याच्या अंगणात पडतात. दगड ठेवल्याचं समाधान मिळतं, एवढाच त्याचा उपयोग. छप्पर वजनाने बसत नाही, ते बांधावं लागतं. पत्रा पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या दांडीला), पर्लिन कैचीला (छपराच्या तिकोनी सांगाड्याला) किंवा भिंतीला आणि भिंत पायाला. यातला एक सांधा ढिला असला की वारा तिथूनच सुरुवात करतो.

हा जोर सगळीकडे सारखा नसतो. वळचण, आढं, बाजूच्या कडा आणि कोपरे इथे वारा छपराला वळसा घालतो आणि ओढ दीड ते दोनपट होते. घराच्या लहान बाजूच्या साधारण सातव्या भागाएवढा कडेचा पट्टा धोक्याचा धरायचा. दहा फुटी खोलीत तो दीड फुटाचा होतो. फॅब्रिकेटर पूर्ण छपराला एकाच अंतराने हुक मारत जातो आणि कडेला मात्र एखादा कमीच पडलेला असतो, कारण तिथे शिडी नीट टेकत नाही. मधल्या पर्लिनवर दर तिसऱ्या लाटेला एक स्क्रू चालतो. वळचण, आढं आणि कडांना एक लाट सोडून एक, आणि कोपऱ्यात प्रत्येक लाटेला. उद्यमनगरात पत्रा घ्यायला जाल तेव्हा घासाघीस पत्र्याच्या दरावर करा, पण स्क्रू हिशेबापेक्षा जास्तच आणा.

भोक नेहमी लाटेच्या उंचवट्यावर. खोलगट भागात पाणी वाहतं, तिथे भोक पडलं की गळती पक्की. खिळा ठोकून भोक पाडलं तर त्याच्या कडा फाटतात आणि पत्रा तिथूनच चिरत जातो, म्हणून ड्रिलच वापरायचं आणि लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढायचा, नाहीतर तो गंजून पत्र्यालाही गंज लावतो. जे हुक असेल तर ८ मिलिमीटरचा, वर डांबरी वॉशर आणि त्यावर लोखंडी वाटी. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू असेल तर रबरी वॉशर किंचित दबेल इतकाच आवळायचा. वॉशर पसरून बाहेर आला तर जास्त आवळलंय, बोटाने फिरला तर कमी. जास्त आवळल्याने लाट चेपते, तिथे पाणी साचतं आणि वर्ष-दोन वर्षांत वॉशरभोवती तांबडं वर्तुळ दिसायला लागतं.

हे वर्तुळ नीट ओळखा, पत्रा तिथे कमजोर व्हायला लागलेला असतो. वाऱ्यात पत्रा फडफडतो, स्क्रूभोवतीचं लोखंड पुन्हा पुन्हा वाकून थकतं, भोक लांबट होतं आणि एका झोतात पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून उपसून निघतो. स्क्रू पर्लिनमध्ये जागच्या जागी, पत्रा ओढ्यापलीकडे. म्हणून रात्री पत्रा वाजतो ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. वाजणारा पत्रा सकाळी शोधायचा, लांबट झालेलं भोक बंद करायचं आणि बाजूच्या लाटेवर नवा स्क्रू मारायचा. त्याच भोकात जाड स्क्रू घुसवून काम होत नाही.

पत्र्याचा आडवा जोड किमान दीड लाट, वरखालचा जोड १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. उघड्या माळावर आठ-नऊ इंच घ्या. उतार उत्तर-दक्षिण असेल तर पत्रे पूर्वेकडून टाकायला सुरुवात करून पश्चिमेकडे जायचं, म्हणजे जोडाची उघडी कड मोसमी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला राहते. वळचण भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त काढू नका. सावलीसाठी तीन-चार फूट काढलेल्या वळचणीला खालून दाब आणि वरून ओढ, दोन्ही एकदम मिळतात.

पर्लिन भिंतीवर नुसतं ठेवून चार विटांनी दाबलेलं असतं, ही आपल्या गावठाणातल्या बऱ्याच घरांची दुखरी जागा. तिथे १२ मिलिमीटरचा बोल्ट, खाली पट्टी लावून, भिंतीत दीड फूट खोल काँक्रीटमध्ये धरलेला हवा. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा असेल तर उत्तमच, बोल्ट त्याच्या सळईत अडकवा. लाकडी वासे असतील तर भिंतीत गेलेलं टोक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच सुरू होतात, आणि वासा बाहेरून धडधाकट दिसतो.

शहरात आता गच्चीवरच्या शेडचा प्रश्न मोठा आहे. गळती थांबावी म्हणून शेड होते, पुढे पाहुण्यांची सोय म्हणून तिला बाजूचे पत्रे लागतात. खांब बहुधा साडेचार इंची कठड्यावर उभे असतात. त्या कठड्याला वरची ओढ झेपत नाही, शेड उठते ती कठडा घेऊनच. खांब स्लॅबवर, जमलं तर तुळईच्या रेषेवर घ्या: सहा बाय सहा इंचाची, ८-१० मिलिमीटर जाडीची प्लेट आणि चार अँकर फास्टनर. स्लॅबची जाडी चार-पाच इंचच असते, त्यामुळे भोकाची खोली बेताने धरायची आणि प्लेटभोवती सीलंट भरायचं. खांबांच्या मध्ये कर्णावर पाईपचे तिरके ताण दिले नाहीत, तर शेड आडवी डोलते आणि फास्टनर हळूहळू ढिले होतात.

एक बाजू उघडी आणि तीन बंद ही रचना सगळ्यात वाईट. गोठा, गुऱ्हाळघर, गाडीची शेड, सगळीकडे हेच दिसतं. वारा आत शिरतो, बाहेर जायला वाट नसते आणि छप्पर आतूनही ढकललं जातं. अशा ठिकाणी समोरासमोर वाट ठेवा किंवा उघडी बाजू दाराने बंद करता येईल असं करा. घरातही तेच. वळीव दिसला की दारं-खिडक्या बंद, आधी ढगाच्या बाजूच्या. गोठ्यातल्या पत्र्याला शेणामुताच्या वाफेने आतून गंज चढतो, म्हणून तो खालून तपासायचा.

कौलारू घरांचं थोडक्यात. मंगळूरी कौलं चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास भरतात, म्हणजे कडेला तीही पुरेशी जड नाहीत. कौलाच्या मागच्या कानाला भोक असतं ते याचसाठी. वळचणीच्या दोन ओळी, कडेची एक ओळ आणि आढ्यालगतची कौलं जस्ताच्या तारेने रिपेला (कौलांखालच्या लाकडी पट्टीला) बांधा, आढ्यावरची कौलं सिमेंटमध्ये बसवा. शाकारताना फुटकी कौलं बदलली जातात, ही तार मात्र कोणी तपासत नाही.

गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी असली की वीस-पंचवीस किलोचीच. मेमध्ये पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा ती नेमकी दुपारी रिकामी असते. पट्ट्याने बांधून ठेवा. सोलर हीटरच्या स्टँडचे पायही तपासा.

झाडाची वाळकी आणि छपरावर आलेली फांदी काढायची, शेंडा छाटायचा नाही. शेंडा छाटलेल्या झाडाला वर फुटणाऱ्या फांद्या कमजोर जोडाच्या असतात आणि त्याच पुढे मोडतात. शहरात झाडाला हात लावण्याआधी महापालिकेची परवानगी घ्या, १९७५ चा कायदा आहे. वीजतारेजवळची फांदी महावितरणलाच काढू द्या.

आणि उडालंच तर त्याच संध्याकाळी छपरावर चढायचं नाही. सिमेंटचा पत्रा ओला असताना आणि तडकलेला असताना पायाखाली फुटतो. तुटलेली तार पडली असेल तर तिच्या जवळपासही फिरकू नका. सकाळी, राडारोडा उचलायच्या आधी, आतून-बाहेरून फोटो घ्या, तलाठ्यांना कळवून पंचनामा करून घ्या आणि मगच ताडपत्री टाका. घराचा विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळाचं नुकसान धरलेलं आहे. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन फूट न्यायची आणि कडेला लाकडी पट्टी ठेवून स्क्रूने धरायची, नुसत्या दोरीवर ती दुसऱ्या वळवाला टिकत नाही.